आधी हिशेबाची वही, मग मदतीचं आवाहन

चिखली आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या बचत गटांत सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत. त्यातल्या काही ख्रिस्ती मैत्रिणींनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या छोट्या चर्चचं छत दोन पावसाळ्यांपासून गळतंय, वासे कुजायला लागलेत, एका भिंतीला ओल धरली आहे. महिन्याच्या दानपेटीत जमतं त्यात लाइटबिल आणि झाडलोट भागते, दुरुस्ती होत नाही. लोकांकडे मदत मागावी लागणार. पण मागायची कशी, आधी काय करायचं, पत्रकात काय लिहायचं?

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. प्रश्न चर्चचा असला तरी गावचं मंदिर असो, बुद्धविहार असो, दर्गा असो, उत्तर बहुतेक सगळ्यांना सारखंच लागू पडतं. आणि आम्ही ते थोडक्यात आधीच सांगून टाकतो : लोक इमारतीसाठी पैसे देत नाहीत, भरवशावर देतात. म्हणून मदतीला हात पुढे करण्याआधी हिशेबाची वही तयार पाहिजे.

भरवसा मोडला की काय होतं, याचं एक जुनं आणि मोठं उदाहरण मुंबईत आहे. चर्चगेट स्टेशनचं नाव आपल्याला पाठ आहे. जुन्या मुंबईच्या किल्ल्याला एक दरवाजा होता. तिथून आत गेलं की चर्च लागायचं, म्हणून तो चर्चगेट. ते चर्च म्हणजे फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल. इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने 1676 मध्ये त्याचं काम सुरू करवलं. लोकांकडून पैसाही जमला. पण 1677 मध्ये आँजियर वारला आणि भिंती अर्ध्यावर थांबल्या. जमलेला पैसा पुढे सर जॉन चाइल्ड या बड्या अधिकाऱ्याने स्वतःकडे वळवला, असा उघड आरोप त्या काळातला जहाजी व्यापारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने लिहून ठेवला आहे. आरोप खरा किती, हा वाद वेगळा. पण पैसा जमूनही जवळजवळ चाळीस वर्षं त्या भिंती तशाच उघड्यावर उभ्या राहिल्या, हे मात्र खरं.

मग 1714 मध्ये रिचर्ड कॉब नावाचा धर्मगुरू मुंबईत आला. त्याने प्रवचनातून हा विषय काढला, वर्गणीची यादी नव्याने उघडली, मुंबईबाहेरच्या इंग्रजांनाही पत्रं लिहिली. चाळीस वर्षं अडलेलं काम पुरं होऊन 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. कॉबने आणखी एक काम केलं, ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. म्हातारपणी, 1766 मध्ये, त्याने या बांधकामाची सगळी हकीकत पत्रव्यवहारासकट पुस्तक म्हणून छापली. म्हणजे काम कसं झालं याचा कागद मागे ठेवला. ते चर्च आजही उभं आहे. अलीकडे त्याची नीट दुरुस्ती झाली आणि 2004 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

आता आपल्या गावाकडे येऊ. आवाहन करण्याआधी घरातली चार कामं उरकायची असतात.

पहिलं काम, मालकी. इमारत आणि जागा कोणाच्या नावावर आहे, ते कागदावर पाहायचं. गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात असेल तर नगरपरिषदेचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, शेतजमीन असेल तर सातबारा. चर्चच्या बाबतीत पुष्कळदा असं असतं की वापर गावची मंडळी करतात, पण मालकी दूरच्या शहरातल्या मोठ्या धर्मसंस्थेकडे असते. मग त्यांच्या लेखी संमतीशिवाय एक कौलही हलवता येत नाही. मंदिर असेल तर ट्रस्ट नोंदलेला आहे का, हे धर्मादाय कार्यालयातून कळतं. तिथे परिशिष्ट एकचा उतारा मिळतो, त्यात विश्वस्तांची नावं असतात. खूप ठिकाणी त्या उताऱ्यावरचे निम्मे विश्वस्त कधीच वारलेले असतात आणि नव्या लोकांची नोंदच झालेली नसते. ती नोंद करायला बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. ते आधी करा. मशीद-दर्गा असेल तर वक्फ मंडळाकडे विचारा.

एक इशारा इथेच देतो. इमारत सरकारने संरक्षित केलेली असेल, तर तिला परवानगीशिवाय चुनासुद्धा लावता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणारचं दैत्यसूदन मंदिर तसं आहे. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आपली इमारत त्यात मोडते का, हे आधी विचारून घ्यावं.

दुसरं काम, परवानगी. गणपती मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात, हे आपण ऐकलेलं असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या कायद्याचं कलम 41-क त्याबद्दल आहे. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा असेल, तर ती परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. म्हणून चार जणांनी मिळून पावतीपुस्तक छापलं आणि दारोदार निघालं, असं चालत नाही. ट्रस्ट असेल तर ट्रस्टच्याच नावाने, ट्रस्टच्याच पावतीवर गोळा करा. परदेशात गेलेल्या नातेवाइकांकडे मागण्याआधी तर जरूर विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे पैसे घ्यायला परकीय देणगी कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, ती नसेल तर ते पैसे घेऊ नयेत.

तिसरं काम, दुखणं नेमकं काय आहे ते ओळखणं. घर गळायला लागलं की आपण भांडं ठेवतो, तसं इमारतीचं करू नये. जुन्या इमारतींची जाण असलेल्या इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला बोलवा. साधारण शंभर वर्षांच्या इमारती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याची भिंत श्वास घेते म्हणतात ते खरं आहे. आत शिरलेली ओल ती हळूहळू बाहेर सोडते. अशा भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की दोन वर्षं चकाचक दिसते. पण ओल आत कोंडते, मग विटा-दगड खुपायला लागतात आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. ऑइलपेंटचंही तेच. म्हणून चांगल्या मनाने केलेली दुरुस्तीच कधी कधी इमारत लवकर खाते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, तो वेळ द्यावा.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी पाणी थांबवायचं, म्हणजे छत, पन्हाळी आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणाऱ्या पाण्याचा निचरा. भेगांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढायची. मग लाकूड आणि भिंती. रंग, फरशी, दिवे, माइक हे सगळ्यात शेवटी. देणगीदाराला रंग आणि फरशी दिसते, छतावरचं काम दिसत नाही, त्यामुळे घाई नेहमी रंगाची होते. छत गळत असताना भिंत रंगवणं म्हणजे ओल्या अंगावर नवं लुगडं नेसणं.

चौथं काम, आकडा. इंजिनिअरकडून बाबवार अंदाजपत्रक लिहून घ्या. त्यात मजुरी, माल, वाहतूक, जीएसटी आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के वेगळे धरा. जुन्या इमारतीचं एक कौल काढलं की खाली तीन कुजके वासे निघतात, हे गृहीतच धरावं. मोठी रक्कम एकदम जमणार नसेल तर कामाचे टप्पे पाडा. मुंबईच्या कुलाब्याचं अफगाण चर्च माहीत असेल, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं. ते 1858 मध्ये प्रार्थनेला खुलं झालं, पण त्याचं उंच शिखर पुरं झालं 1865 मध्ये. शिखरासाठी साडेसात हजार रुपये दिले सर कावसजी जहांगीर यांनी, आणि ते पारशी होते. यातून दोन गोष्टी घ्या. शिखर थांबलं तरी छप्पर थांबलं नाही. आणि मदत आपल्याच धर्माच्या माणसाकडून येईल असं नाही, म्हणून मागताना गाव सगळं आपलं समजावं.

ही चार कामं झाली की मग आवाहन. पण तेसुद्धा लगेच माइकवरून नाही.

समजा, अंदाजपत्रक सहा लाखांचं आहे. सहा लाख ऐकून छातीत धडकी भरते. मग त्याचे लाखालाखाचे सहा भाग करून पाहा. एक लाख देणारा एक जण. पंचवीस हजार देणारे चार जण, झाला दुसरा लाख. पाच हजार देणारी वीस घरं, तिसरा. हजार देणारी शंभर घरं, चौथा. पाचशे देणारी दोनशे माणसं, पाचवा. आता सहावा लाख. शंभर बायांनी आठवड्याला वीस रुपये प्रमाणे पन्नास आठवडे टाकले, की तो झाला. आता समोर सहा लाखांचा डोंगर नाही, नावांची यादी आहे. एक लाख देणारा एकही नसेल, तर ते आत्ताच कळतं आणि टप्पे पाडता येतात.

शेवटच्या लाखाला कमी समजू नका. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. विधवा मुलींसाठी शाळा काढायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी गावोगाव भाषणं दिली. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ठिकठिकाणी रमाबाई मंडळं निघाली. त्या मंडळांच्या सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, आणि तो दहा वर्षं, द्यायचं कबूल केलं. या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, 1898 मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि मदत चालू ठेवायला नवी संस्था उभी राहिली. थोडं, पण ठरलेलं आणि ठरल्या दिवशी : आपल्या गटाची बचत याहून वेगळी काय आहे?

जाहीर करण्याआधी समितीतल्या प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहावा. मग मोठ्या देणाऱ्यांच्या घरी दोघींनी मिळून जावं, चहा घ्यावा, कागद दाखवावा. सहापैकी निदान दोन-तीन लाखांचे शब्द हाती आले, की मग पत्रक छापावं. शून्यावरून सुरू झालेल्या वर्गणीत पहिला कोणी पडत नाही. अर्ध्यावर आलेल्या कामाला मात्र हात लावावासा वाटतो.

वेळही बघा. आपल्याकडे जून-जुलैत पेरणी, बी-बियाणं आणि शाळेचा खर्च एकदम येतो. तेव्हा मागितलं तर माणूस नाही म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलेलं तोंड पुन्हा हो म्हणायला अवघडतं. सोयाबीन बाजार समितीत गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, हातात चार पैसे असतात. दिवाळीला आवाहन, हिवाळ्यात जमवाजमव, उन्हाळ्यात छताचं काम आणि मिरगाच्या आत कौलं बसलेली, असा हिशेब धरावा.

पत्रकात काय असावं? देवाची महती एका ओळीत पुरे, ती सगळ्यांना माहीत असते. बाकी असं लिहा :

"आमच्या चर्चचं छत गळतंय. इंजिनिअरच्या अंदाजाने छत, वासे आणि पन्हाळीला सहा लाख रुपये लागतील. आजपर्यंत दोन लाख वीस हजारांची कबुली मिळाली आहे. पाचशे रुपयांत काही कौलं, पाच हजारांत एक वासा बसतो. पैसे फक्त ट्रस्टच्या बँक खात्यात घेतले जातात. त्यावर दोन सह्या लागतात. पावती घेतल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लागेल, तो कोणीही पाहावा. काम होऊन पैसे उरले, तर ते याच इमारतीच्या देखभालीसाठी ठेवले जातील. पैसे कमी पडले, तर फक्त छताचं काम होईल. पैशाऐवजी दोन दिवसांचं श्रमदान, वाळू, लाकूड किंवा कामावरच्या माणसांचं जेवण दिलं तरी ते देणगीच्या वहीत लिहिलं जाईल."

एवढंच. कौलाचा आणि वाशाचा भाव मात्र अंदाजपत्रकातून खरा काढून लिहा, मनाने लिहू नका. उरलं तर काय आणि कमी पडलं तर काय, ही दोन वाक्यं बहुतेक पत्रकांत नसतात. पण लोकांच्या मनात तेच दोन प्रश्न असतात.

पैसे हाताळण्याचे नियम आपल्याला नव्याने शिकायचे नाहीत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नियमित लेखे, ही पंचसूत्री आपण दर आठवड्याला पाळतो. त्यातलं पाचवं सूत्र इथे उचलून आणा. पावतीपुस्तकाला क्रमांक असावेत आणि कोणाला कोणतं पुस्तक दिलं, त्याची नोंद असावी. रोकड तिघींनी मिळून मोजावी, तिघींनी सह्या कराव्यात, दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. फोन पेचा कोड ट्रस्टच्या खात्याचाच असावा. कोणाच्या भाच्याच्या मोबाइलवर "तात्पुरते" पैसे घेणं, इथूनच कुजबुज सुरू होते. गवंड्याला रोख देण्याऐवजी चेक द्यावा. निदान तीन ठेकेदारांचे दर घ्यावेत आणि समितीतल्या कोणाचा नातेवाईक त्यात असेल तर त्या व्यक्तीने ठरावाच्या वेळी बाहेर बसावं.

आणि गटाचा पैसा यात आणायचा नाही, ही गोष्ट आम्ही दोनदा सांगतो. गटाची बचत, फिरता निधी, बँकेचं कर्ज हे सगळ्या सभासदांचं आहे आणि आपल्या गटात वेगवेगळ्या धर्मांच्या बाया आहेत. चर्चला, मंदिराला जिला द्यायचं तिने आपल्या पदरचं द्यावं. गटाच्या वहीत त्याची एक ओळही येऊ नये.

काही जण म्हणतील, आयकरात सूट मिळते असं सांगा म्हणजे मोठे लोक देतील. ते खरं असेल तरच सांगा. धार्मिक स्थळाला दिलेल्या देणगीवर ती सवलत आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं, किंवा राज्यभर नावाजलेलं म्हणून अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला ती मिळते. गावच्या लहान चर्चला किंवा मंदिराला बहुधा मिळणार नाही. सनदी लेखापालाला विचारून मगच पत्रकात लिहा, नाहीतर तिथेच आपला शब्द खोटा पडतो.

आता शेवटची गोष्ट, आणि बायांनीच ही सांभाळावी असं आम्हाला वाटतं. वर्गणी म्हटलं की आपल्याकडे माइकवरून यादी वाचतात. अमुक यांचे अकरा हजार, तमुक यांचे एकवीस हजार. खाली बसलेली बाई, जिने दोन दिवसांच्या निंदणाच्या मजुरीतून शंभर रुपये दिलेत, ती मान खाली घालते. पुढच्या वेळी ती उसनवारी करून पाचशे देते, किंवा येणंच बंद करते. देवाच्या घराच्या छतासाठी एका घराची चूल अडली, तर ते छत कोणाच्या कामाचं? गटाच्या कर्जाचा हप्ता वर्गणीमुळे चुकला, असं आमच्या एकाही वहीत आम्हाला दिसायला नको. म्हणून रक्कम ठरवून घरावर बसवू नये. फळ्यावर जमा आणि खर्च यांचे एकूण आकडे लावावेत आणि देणाऱ्यांची नावं लावायची असली तर अकारविल्हे, रकमेशिवाय लावावीत. कोणाची किती रक्कम, ते पावतीत आणि वहीत असतंच. आणि पाटीवर नाव कोरायच्या बोलीवर कोणी मोठी रक्कम देत असेल, तर आधी बैठकीत विचारावं.

आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी कीर्तनं करून लोकांकडून पैसा उभा केला. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यातून धर्मशाळा झाल्या, हजारो गरिबांना निवारा मिळाला. बाबांच्या स्वतःकडे काय होतं? हातात काठी आणि गाडगं, अंगावर चिंध्यांची गोधडी. लोकांनी त्यांना का दिलं, हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा विचारणाऱ्या मैत्रिणींनो, पहिल्या महिन्यात पैशाचं नावच काढू नका. उतारा काढा, धर्मसंस्थेला संमतीसाठी पत्र लिहा, इंजिनिअरला छतावर चढवा. पाऊस येण्याआधी गळत्या जागेवर ताडपत्री बांधून घ्या, म्हणजे आणखी वासे कुजणार नाहीत. पाच जणांची समिती करा आणि त्यात निदान तीन बाया असू द्या, त्यातली एक वही लिहिणारी. वही कशी आखायची, पावत्यांचे क्रमांक कसे लावायचे, यासाठी आपल्या कोणत्याही गटाच्या सचिव ताईला हाक मारा. ते काम तिला दर आठवड्याचं आहे. मग सोयाबीन निघालं की पत्रक घेऊन आमच्याही दारी या. आम्ही वही पाहू, आणि मग आमच्या पदरचं देऊ.